‘कितला पैसा भेटनात रे भो?’ या कमेंटला काय उत्तर देऊ?

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणारा चाळीसगाव तालुक्यातला, वय २६. दिवसा मामाच्या मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळतो, रात्री मराठी-अहिराणी मिसळून फोनचे रिव्ह्यू व्हिडिओ करतो. स्वतः आयफोन वापरतो, हप्त्यावर घेतलेला. मे महिन्यात त्याने एका पंधरा-सोळा हजाराच्या फोनबद्दल ‘फार तापतो, घेऊ नका’ असं सांगितलं तर कमेंटमध्ये ‘ॲपलचा चमचा’ सुरू झालं. मग दुसऱ्या कंपनीच्या फोनचं कौतुक केलं तर ‘कितला पैसा भेटनात रे भो?’ हा दुसरा फोन एका एजन्सीने फुकट पाठवलेला होता, पण पैसे घेतलेले नाहीत म्हणून त्याने ते व्हिडिओत सांगितलं नाही. शाळेपासूनचा मित्र पहिल्या कंपनीचा प्रमोटर आहे, म्हणजे दुकानात उभं राहून तिचे फोन खपवतो, ‘माझ्या पोटावर पाय दिलास’ म्हणून त्याने बोलणं टाकलंय. मामा म्हणतो डिस्ट्रिब्युटर नाराज होईल, जपून बोल. आता प्रश्न असा की स्वतःचं मत देणंच बंद करून फक्त फीचर्स सांगावेत का, आणि आपण विकले गेलेलो नाही हे लोकांना पटवायचं कसं.

भाऊ,

पत्रात ‘चमचा’ हा शब्द तू इतक्यांदा लिहिलायस की तो किती लागलाय ते कळतंच. पण मी अडकले दुसऱ्याच ओळीवर, ती एजन्सीच्या फोनची ओळ, जी तू घाईघाईत लिहून पुढे गेलास. तिच्याकडे येतेच, आधी तू जिच्यामुळे झोपत नाहीयेस ती गोष्ट घेऊ.

तू धरून चाललायस की निष्पक्ष माणूस म्हणजे ज्याला मतच नाही असा माणूस. हे कुठून आलं माहीत नाही, पण असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याला फोन कुठला घेऊ असं विचारणार नाही. आपल्याकडे कोणाला भरताच्या वांग्याबद्दल विचार, बामणोदचंच घ्या म्हणून सांगेल आणि वर का ते पण सांगेल, बिया कमी, भाजल्यावर चव कशी येते, देठाकडून कसं बघायचं. त्याला कोणी विकला गेलास म्हणत नाही. त्याची आवड उघड आहे आणि तिच्यामागचं कारणही उघड आहे, बामणोदला त्याच्या साडूचं वांग्याचं शेत असेल आणि ते त्याने सांगितलं नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. एवढाच फरक आहे बघ. आवड असणं हा गुन्हा नाही, संबंध झाकणं हा घोळ आहे, आणि तू आवडीबद्दल शरमतोयस आणि संबंधाबद्दल बिनधास्त आहेस, म्हणजे नेमकं उलटं.

फक्त फीचर्स सांगायची आयडिया घेऊ. ५००० एमएएच, ५० मेगापिक्सेल, अमुक प्रोसेसर, तमुक हर्ट्झ. हा कागद लिहिला कोणी? कंपनीने. त्यात काय मोठ्या अक्षरात छापायचं आणि काय गाळायचं हेही तिनेच ठरवलं. तो तू वाचून दाखवलास तर कोणी चमचा म्हणणार नाही हे खरं, पण काम मात्र तेच झालं ना, तेही फुकटात. आणि तू काउंटरवर बसणारा पोरगा, तुला मी काय सांगू, गिऱ्हाईक एमएएच विचारायला येतं का? धोतरातले नाना येतात, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना फोन काढतात आणि विचारतात की शेतात मोटार चालू असताना रिंग ऐकू येईल का, उन्हात पडदा दिसेल का, पुण्याच्या नातवाचा व्हिडिओ कॉल अडकत तर नाही ना. याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसतं, ते वापरणाऱ्याच्या तोंडूनच येतं, म्हणजे मत म्हणूनच येतं.

अमेरिकेत वॉल्ट मॉसबर्ग नावाचे पत्रकार होते, १९९१ मध्ये त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये टेक्नॉलॉजीचा कॉलम सुरू केला आणि पहिल्याच वाक्यात म्हटलं की कॉम्प्युटर वापरायला फार अवघड आहेत आणि त्यात तुमची चूक नाही. हे मतच होतं की, आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या तोंडावर मारलेलं मत. पुढे २०१७ ला निवृत्त होईपर्यंत ‘ॲपलचा माणूस’ हा शिक्का त्यांनाही चुकला नाही. त्यांनी मत द्यायचं सोडलं नाही, आपण कंपन्यांकडून काय घेतो आणि काय घेत नाही हे एका जागी लिहून वाचकांसमोर ठेवलं. ज्याला तपासायचंय त्याने तपासावं, बाकीच्यांनी शिव्या द्याव्यात.

आता तुझा तापणारा फोन. तू मे महिन्यात टेस्ट केलीस, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ४४-४५ म्हणजे कोणाला नवल वाटत नाही, तुमच्या चाळीसगावलाही काही थंड हवा नसते. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंशाच्या हवेत वापरावा. म्हणजे तुझ्या खिशातला तो हप्त्याचा फोन पण आपल्या उन्हाळ्यात कंपनीच्या हिशोबाने हद्दीबाहेरच असतो, स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जिंग थांबतं, हे तू अनुभवलं असशीलच. मग व्हिडिओत ते का नाही आलं? तू पंधरा हजाराच्या फोनला उन्हात उभं केलंस आणि स्वतःचा खिशात सावलीला ठेवलास. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, पण बघणाऱ्याला ते दिसलं आणि त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. पुढच्या वेळी दोन्ही फोन शेजारी ठेव, दुपारी दोनची वेळ, गाडीच्या होल्डरला लाव, दोन्हीवर मॅप चालू, ब्राइटनेस फुल, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोण काय करतं ते कॅमेऱ्यासमोर दाखव, बाहेर किती तापमान होतं तेही सांग. बंगळुरूच्या एसी स्टुडिओत बसून रिव्ह्यू करणाऱ्याला हे दाखवता येणार नाही. तुझा आयफोन आधी मान टाकेल कदाचित. टाकू दे की, त्या दिवशी ‘चमचा’वाले काय लिहितात ते मला पण वाचायचंय.

आणि ‘घेऊ नका’ या दोन शब्दांवर जरा थांब. ‘फार तापतो’ हे तू बघितलेलं आहे, ‘घेऊ नका’ हा निकाल आहे. ज्याला फोन एसी ऑफिसमध्येच वापरायचाय त्याच्यासाठी निकाल वेगळा असू शकतो. कोणासाठी नको हे जोडलंस की निम्मी भांडणं तिथेच मिटतात, निम्मी उरतील ती उरतील.

कमेंटवाल्यांबद्दल तू समजतोस की इतके लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असेल. असेलही, नसेलही. एक जुना अभ्यास आहे, १९८५ मध्ये छापून आलेला, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या, अशा दोन्ही विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, एक फ्रेम इकडची तिकडे नाही, आणि दोन्ही गटांनी सांगितलं की या बातम्या आमच्या विरोधात झुकलेल्या आहेत. आता फोन म्हणजे काही युद्ध नाही, पण ज्याने घरी भांडून, हप्ते बांधून, सोळा हजाराचा फोन घेतलाय आणि तू म्हणालास तो तापतो, त्याला ती फोनवरची टीका वाटतच नाही, त्याच्या अकलेवरची वाटते. त्याचा राग समजून घे, त्याच्याशी वाद घालू नको.

शिवाय सगळ्या कमेंट खऱ्या माणसाच्या मनातून आलेल्या असतात असंही नाही. २०१३ मध्ये तैवानच्या फेअर ट्रेड कमिशनने सॅमसंगला दंड केला होता, पैसे देऊन लोकांकडून ऑनलाइन एचटीसी या दुसऱ्या फोन कंपनीच्या विरोधात लिहून घेतलं म्हणून. तेव्हा ‘ॲपलचा चमचा’ लिहिणारा स्वतः कोणाचा चमचा असेल सांगता येत नाही, पण हे तू कमेंटमध्ये लिहू नकोस हं, पुराव्याशिवाय दुसऱ्याला विकलेला म्हणणं म्हणजे तेच झालं ज्याच्याबद्दल तू मला पत्र लिहिलंयस.

मी असते तर कमेंट तीन ढिगात टाकल्या असत्या. ज्यात नुसती शिवी आहे ती सोड. ज्यात प्रश्न आहे, म्हणजे ‘किती तापमानात टेस्ट केला’, ‘अपडेट केला होता का’, तिला उत्तर दे, चांगलं सविस्तर दे. आणि ‘कितला पैसा भेटनात’ हा, तुला आवडो न आवडो, प्रश्नच आहे. टोमणा आहे पण प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुझ्याकडे तयार नव्हतं म्हणून तो लागला.

तर आता ती ओळ. ‘पैसे घेतले नाहीत म्हणून सांगितलं नाही.’

फोन घेतलास ना? तो परत गेला का तुझ्याकडेच आहे हे पत्रात नाही, त्यामुळे मी धरते की आहे. भाऊ, ते पैसेच झाले. आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी नियमावली काढली, तिच्यात पैशासोबत फुकट मिळालेली वस्तू, सवलत, ट्रिप, हॉटेलचं राहणं, हे सगळं धरलंय. कौटुंबिक नातं आणि नोकरीचा संबंधसुद्धा धरलाय. म्हणजे मामा आला, दुकान पण आलं. जाहिरात क्षेत्राची एएससीआय म्हणून संस्था आहे तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम तर २०२१ पासून आहेत. आणि हे खाली डिस्क्रिप्शनमध्ये बारीक लिहून चालत नाही, व्हिडिओत दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, शिफारस करणाऱ्यालाही. तुझ्या एवढ्याशा चॅनेलवर कोणी उद्या धाड घालायला येतंय असं नाही, घाबरवत नाहीये, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे आता म्हणता येणार नाही कारण मी सांगितलंय.

एजन्सीने मेल पाठवला असेल तर तो पुन्हा नीट वाच, सगळा, खालची बारीक अक्षरंसुद्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनच्या एका प्रोग्रॅमवरून मोठा गदारोळ झाला होता, फोन फुकट देताना अटींमध्ये लिहिलेलं की दुसऱ्या कंपनीच्या फोनऐवजी पिक्सेल दाखवणं अपेक्षित आहे, दुसरे ब्रँड जास्त दाखवताना दिसलात तर संबंध संपेल. बोंब झाल्यावर ती अट काढली. पण विचार कर, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी मान्यच केलेलं होतं. तुझ्या मेलमध्ये ‘व्हिडिओ टाकण्याआधी आम्हाला दाखवा’ असं काही असेल तर तो रिव्ह्यू नाही, ती जाहिरात आहे, आणि जाहिरात करायला हरकत नाही, फक्त जाहिरात म्हणून कर.

त्या जुन्या व्हिडिओचं काय? डिलीट करू नकोस, डिलीट केलास की ‘बघा, पळाला’ होतं. सगळ्यात वर कमेंट पिन कर, साध्या भाषेत, की हा फोन एजन्सीने फुकट पाठवला होता, तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, फोन आता अमुक ठिकाणी आहे. पण आत्ताच सांगितलं की नियमाला व्हिडिओतलं हवं असतं, म्हणून तेच एकदा पुढच्या व्हिडिओत तोंडाने सांग. माफीचा वेगळा रडका व्हिडिओ नको, त्याला व्ह्यूज फार मिळतात आणि मग माणसाला सवय लागते.

दुरुस्ती केल्याने किंमत जाते असं तुला वाटत असेल तर कन्झ्युमर रिपोर्ट्सचं बघ. १९३६ पासूनची अमेरिकन संस्था, जाहिरात घेत नाही, टेस्टसाठीच्या वस्तू दुकानातून स्वतः विकत घेते. २०१० मध्ये त्यांनी आयफोन ४ ची शिफारस करायला नकार दिला, हातात धरला की सिग्नल पडतो म्हणून, आणि ॲपलला पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हर वाटावी लागली. त्याच संस्थेने २०१६ च्या डिसेंबरात मॅकबुक प्रोच्या बॅटरीला नापास केलं, ॲपल म्हणालं टेस्टच्या वेळची तुमची ब्राउझरची सेटिंग नेहमीची नव्हती, त्या सेटिंगमुळे एक बग बाहेर आला. बग दुरुस्त झाल्यावर संस्थेने पुन्हा टेस्ट केली आणि जानेवारी २०१७ मध्ये शिफारस दिली. पहिला निकाल, दुसरा निकाल, मधलं कारण, सगळं लोकांसमोर. एवढी पैशापासून लांब राहणारी संस्था, तरी तिलासुद्धा लोक ॲपलविरोधी म्हणाले, आणि ॲपलला सामील पण म्हणाले असतील कोणीतरी. तेव्हा ‘मी विकला गेलेलो नाही हे पटवायचं कसं’ याचं उत्तर सरळ आहे, पटवता येत नाही. नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार. जे आहे ते मांडता येतं.

मामाचा विषय मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तिथे तुझी भाकरी आहे. मोठ्यांचंही यातून सुटत नाही. २०१३ च्या जानेवारीत सीनेट या टेक साइटच्या संपादकांनी एका मोठ्या प्रदर्शनात डिश कंपनीचा टीव्ही रेकॉर्डर सर्वोत्तम म्हणून निवडला होता, पण सीनेटची मालक सीबीएस ही टीव्ही कंपनी, आणि तिची डिशशी कोर्टात केस चालू. वरून आदेश आला, त्या रेकॉर्डरला बक्षीस द्यायचं नाही. बक्षीस दुसऱ्याला गेलं, बातमी फुटली आणि एका पत्रकाराने राजीनामा दिला. तुला राजीनामा दे म्हणत नाही, मामाला राजीनामा देता येत नाही आणि दिला तर दिवाळीला जेवायला जायचं कुठे. पण बसून बोल. मामाला सांग की दुकानाचं नाव मी स्वतःहून घेतो, ‘मी या दुकानात काम करतो, हा फोन आमच्याकडे विकायला आहे’ असं प्रत्येक व्हिडिओत, त्याच्या बदल्यात कुठल्या फोनला काय म्हणायचं हे तू मला सांगायचं नाही. दुकानाची फुकट प्रसिद्धी होतेय, कदाचित ऐकेल. ज्या फोनवर त्या महिन्यात दुकानाला स्कीम आहे किंवा मार्जिन जास्त आहे त्याचा रिव्ह्यू त्या महिन्यात करूच नकोस. हे मामाला आवडणार नाही, पण याच्यावर ठाम राहा.

मामा अजिबात ऐकत नसेल तर दोन रस्ते उरतात. एक, चॅनेल दुकानाचंच करून टाक, नाव दुकानाचं, नंबर दुकानाचा, आमच्याकडे काय आलंय ते दाखवतो असं उघड. हे काही कमीपणाचं नाही, कितीतरी दुकानदार करतात आणि कोणी त्यांना चमचा म्हणत नाही कारण ते दुकानदारच आहेत. दोन, फोनचे रिव्ह्यू थांबव आणि ज्यात दुकानाचा गल्ला मध्ये येत नाही असं कर, म्हणजे बॅटरी फुगली तर काय करायचं, जुना फोन विकताना डेटा कसा पुसायचा, खोट्या लोनच्या ॲपपासून कसं वाचायचं. आपल्याकडे अहिराणीत हे सांगणारे फार नाहीत. मला स्वतःला तू रिव्ह्यू करत राहावंस असं वाटतं, पण माझं काय जातं, हप्ता तुला भरायचाय.

हे वाचणारे बाकीचे पण असतील, कोणी कापसाच्या बियाण्याचे व्हिडिओ करत असेल, कोणी ट्रॅक्टरचे, कोणी ठिबकचे. नाव बदला, गोष्ट तीच राहते. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात वस्तू कुठून आली, परत जाणार का, आणि विकणाऱ्याशी नातं काय, एवढं बोलून टाका. आणि जे फक्त बघतात त्यांना एवढंच, की माणसाला आवड आहे म्हणून त्याला खोटा ठरवू नका, त्याने पाहिलेलं आणि त्याला वाटलेलं वेगवेगळं सांगितलंय का ते बघा.

राहिला मित्र. २०२४ मध्ये मार्कस ब्राउनलीने ह्युमेन कंपनीच्या एआय पिनला, म्हणजे कपड्याला लावायच्या एआयवाल्या यंत्राला, आपण रिव्ह्यू केलेलं आजवरचं सगळ्यात वाईट प्रॉडक्ट म्हटलं तेव्हा त्याच्यावरही हाच आरोप झाला, एवढा मोठा यूट्यूबर आणि नव्या कंपनीच्या पोटावर पाय देतो. पुढच्या वर्षी ती कंपनी आपली मालमत्ता एचपीला विकून मोकळी झाली आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या पिना बंद पडल्या. ज्यांनी त्याचं ऐकलं त्यांचे पैसे वाचले. पण हे उदाहरण मित्राला सांगू नकोस. त्याचा राग तुझ्या मतावर नाहीये, तुझ्या व्हिडिओनंतर काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाचं ‘हा तोच तापणारा ना’ हे त्याला ऐकावं लागलं आणि तू आधी एक फोनही केला नाहीस यावर आहे. मत बदलायचं नाही, पण व्हिडिओ टाकायच्या आधी ‘उद्या येतोय, तुझ्या कंपनीच्या फोनबद्दल आहे, चांगलं नाहीये’ एवढं सांगता आलं असतं, आणि पुढे सांगत जा. आता व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहू नकोस, समोर जा, चहाला घेऊन जा. फक्त महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नकोस, टार्गेट डोक्यावर असताना कुठलाच प्रमोटर कोणाचं ऐकून घेत नाही.